तांबं समुद्राकडे निघतं

निघताना खिशात पैसे घेऊ नका. काचेचे मणी घ्या, बारीक, लाल रंगाचे, मूठभर. आणि हाती लागला तर सुती कापडाचा एखादा तागा. तुम्ही उतरताय झांबेझी नदीच्या खोऱ्यात, आजच्या झांबियाच्या दक्षिण कडेला, लुसितू नदीजवळच्या एका बुटक्या टेकाडावर. पंधरावं-सोळावं शतक चालू आहे. या जागेला आज इंगोंबे इलेदे म्हणतात. तोंगा भाषेत ‘निजलेली गाय’. आडव्या वाढलेल्या एका गोरखचिंचेच्या खोडावरून हे नाव पडलं.

टेकाडावर एक माणूस लोखंडी पट्टीच्या भोकातून तांब्याची तार ओढतोय. दात आवळून, पाय रोवून. त्याच्या शेजारी फुलीच्या आकाराच्या तांब्याच्या लगडी रचून ठेवल्यात. पठारावर खणलेलं तांबं इथे येतं, तसंच हस्तिदंत आणि मीठही. गावातल्या एका बड्या असामीच्या गळ्यात सोन्याचे मणी आहेत आणि शंखाची एक चकती. शंख हिंदी महासागरातला. त्या माणसाने समुद्र बहुधा कधी पाहिलेला नाही.

तुम्ही मूठ उघडता. तो एक मणी चिमटीत धरून उन्हाकडे बघतो, दुसरा बघतो, मग तिसरा. घाई तुम्हाला आहे, त्याला नाही. रंग पसंत पडला तर सौदा होईल, नाही पडला तर मणी घेऊन आल्या वाटेनं जा. याच मुलखात पुढे पोर्तुगीज येतील, युरोपातले मणी इथे कुणी घेत नाही हे अनुभवाने शिकतील आणि मुकाट्याने खंबायतेहून मणी मागवू लागतील. तुमच्या मुठीतला माल आपल्यालाही अगदीच परका नाही. रायगड जिल्ह्यातल्या चौलला सापडलेले काचेचे मणी आणि केनियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांमधले मणी संशोधकांनी तपासले, तेव्हा काच एकाच जातीची निघाली. त्या कामात पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं होती.

टेकाडावरून उतरण्यापूर्वी एवढं पाहून घ्या की इथे भाव ठरवणारा तांब्याच्या लगडींशेजारी बसलेला आहे. असं दृश्य पुढच्या प्रवासात परत दिसणार नाही.

मधली शतकं मी गाळतोय. त्यांत गुलामांचा व्यापार आहे, आणि तो जाता जाता दोन ओळींत उरकण्याचा विषय नव्हे.

१९०९. आता पायाखाली रूळ आहेत. व्हिक्टोरिया धबधब्यावरचा पूल १९०५ साली झाला, पुढच्या वर्षी रूळ ब्रोकन हिलला पोचले, तिथल्या शिसं-जस्तासाठी. आणि या वर्षी ते बेल्जियन काँगोच्या सरहद्दीला भिडलेत. या मुलखाला दोन वर्षांनी, १९११ साली, उत्तर ऱ्होडेशिया हे नाव मिळेल; कारभार सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीकडे आहे. खाली वाकून रूळ कोणत्या दिशेला जातात तेवढं बघा. दक्षिणेला: धबधबा, बुलावायो, सॉल्झबरी आणि मग पूर्वेला वळून मोझांबिकचं बेइरा बंदर. इंजिनात जळणारा कोळसाही दक्षिणेतल्या वांकीचा. ज्याने हा मार्ग आखला त्याला वाटेत कधी सरहद्द उभी राहील असं वाटलं नाही; मोझांबिकपर्यंत सगळं एकाच मालकाचं होतं. १९३०च्या सुमारास उत्तरेला रोआन अँटिलोप, न्काना, मुफुलिरा अशा मोठ्या खाणी सुरू झाल्या, त्या पट्ट्याला कॉपरबेल्ट नाव पडलं, आणि सगळं तांबं याच रुळांवरून खाली घरंगळू लागलं. खणणाऱ्याने खणलेल्या प्रत्येक टनामागे ऱ्होड्सची कंपनी आपली रॉयल्टी घेत राहिली. २४ ऑक्टोबर १९६४ला झांबिया स्वतंत्र झाला तेव्हा अगदी आदल्या घटकेपर्यंत या हक्कावर घासाघीस चालली होती. शेवटी चाळीस लाख पौंडांवर कंपनीने हात सोडला; निम्मे ब्रिटनने दिले, निम्मे नव्या देशाने. आपल्याच जमिनीखालचा खनिजाचा हक्क विकत घेऊन या देशाने पहिला दिवस उजाडवला.

आणि आता डिसेंबर १९६६. इथे आपल्याला मुक्काम करायचाय. मळले तरी चालतील असे कपडे घाला.

तुम्ही कपिरी म्पोशीला उभे आहात. इथून ग्रेट नॉर्थ रोड ईशान्येला फुटतो. नाव भारदस्त आहे. रस्ता म्हणजे लाल मातीचा पट्टा. पाऊस सुरू झालाय. समोर एक फियाट ट्रक उभा, मागच्या हौद्यावर तांब्याचे वायरबार साखळदंडांनी आवळलेले. एक बार एकट्या माणसाला उचलवणार नाही, म्हणून हौद्यावर ते थोडेसेच दिसतात. तरी टायर बघा कसे दबलेत. तांबं जागा कमी खातं, वजन जास्त. ड्रायव्हर टांझानियाचा आहे, तुमच्याकडे बघून ‘ब्वाना’ म्हणतो आणि सरळ विचारतो, दुकान कुठे आहे तुमचं? या भागात भारतीय माणूस म्हणजे गुजराती दुकानदार, हे त्याचं गणित पक्कं आहे. नाही म्हटलंत तर विश्वास बसत नाही. क्लीनर, ज्याला इकडे टर्नबॉय म्हणतात, तुमच्यासाठी सरकून जागा करतो. समुद्र इथून अठराशे-एकोणीसशे किलोमीटर.

गाडी हलल्यावर विचारा, रेल्वे असताना हा उपद्व्याप कशाला? उत्तर मागच्या वर्षात आहे. ११ नोव्हेंबर १९६५ला दक्षिण ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांच्या सरकारने, इयान स्मिथने, ब्रिटनला न विचारता स्वातंत्र्य जाहीर केलं. ब्रिटनने डिसेंबरात त्यांचं तेल तोडलं. स्मिथने लगेच झांबियाचं तोडलं, कारण झांबियाचं तेलही त्याच्याच वाटेनं यायचं. वाटायला बसल्यावर कळलं की एकत्र कुटुंबातली सगळी चांगली चीजवस्तू धाकट्याच्या खोलीत राहिली आहे. सामाईक रेल्वेचं मुख्यालय बुलावायोला. करिबा धरण दोघांचं, पण वीजघर नदीच्या दक्षिण काठावर. कोळसा वांकीचा. झांबियाच्या रक्षणाला ब्रिटनने न्दोलाला लढाऊ विमानं पाठवली, तर हवाई वाहतुकीचा नियंत्रण कक्षही स्मिथच्या सॉल्झबरीत. मग ब्रिटन आणि कॅनडाच्या हवाईदलांनी महिनोन् महिने पिंपांतून तेल आणून टाकलं. विमानाने पेट्रोल आणून मोटारी चालवायच्या! राजधानी लुसाकात पेट्रोलचं रेशनिंग अजून चालू आहे.

संध्याकाळी सेरेंजेच्या पुढे गाडी रुतते. एकटी नव्हे, पुढे सात-आठ ट्रक आधीच रुतलेत आणि मागे रांग वाढतेय. तुम्हीही उतरा. चिखल घोट्याच्या वर येतो आणि बूट सोडत नाही. झाडाच्या फांद्या तोडून चाकाखाली घालायच्या, सगळ्यांनी मिळून ढकलायचं, चाक जागच्या जागी फिरून तुमच्या तोंडावर गारा उडवणार, पुन्हा फांद्या. समोरून येणारे ट्रक तेलाची पिंपं भरून आलेत, टांझानियाच्या दार-एस-सलाम बंदरातून, म्हणजे इकडच्या बोलीत दारहून. तेही रुतलेत. म्हणजे या एका ओढ्याच्या दोन बाजूंना या देशाची निर्यात आणि आयात समोरासमोर बसली आहे, कोण कुणाला वाट देतो याची वाट बघत. रस्त्याच्या कडेला खाली एक ट्रक उलटा पडलेला दिसतो. किती दिवसांचा, कुणाला ठाऊक. मातीत पिंपांचे डाग. या रस्त्याला लोकांनी ‘हेल रन’ नाव दिलंय.

रात्री शेकोटीवर मक्याच्या पिठाचा न्शिमा शिजतो, हाताने गोळा करून सुक्या मासळीबरोबर खायचा. ड्रायव्हर हिशेब सांगतो तो ऐका. जाताना तांबं, येताना तेल; रिकामा ट्रक म्हणजे तोटा. मग तुमचा तुम्ही हिशेब करा. देश वर्षाला सहा लाख टनांच्या आसपास तांबं काढतो. एका ट्रकवर दहा टन धरले तर साठ हजार खेपा. हे शक्यच नाही. त्यामुळे राजकारण काहीही म्हणो, पुष्कळसं तांबं अजून स्मिथच्याच रुळांवरून जातंय आणि त्याचं भाडं स्मिथलाच मिळतंय. दोघं एकमेकांचा गळा धरून आहेत आणि एकमेकांच्या घरचं जेवतायत.

पहाटे डोक्यावरून घरघर जाते. चार पंख्यांचं जाडजूड हर्क्युलिस विमान. पोटात काय असेल? तांबं. झांबियाने ही मालवाहू विमानं घेतलीत, ती दारला तांबं टाकतात आणि तेल भरून परततात. विमानाने तांबं नेणं परवडतं, कारण व्हिएतनामात लढाई पेटली आहे आणि लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर तांब्याचा भाव चढलेला आहे. खाण कॉपरबेल्टमध्ये, लढाई आग्नेय आशियात, भाव लंडनमध्ये, आणि चिखल तुमच्या बुटात.

तुंदुमाला सरहद्द, मग म्बेया, इरिंगा, मोरोगोरो. दारला पोचल्यावर बंदर बघून तुमची निराशा होईल. हे बंदर एवढ्या मालासाठी बांधलेलंच नाही. तांबं धक्क्यावर पडून, पिंपं धक्क्यावर पडून. दोन वर्षांनी, १९६८ साली, इथून न्दोलापर्यंत १,७१० किलोमीटर लांबीची तेलवाहिनी सुरू होईल आणि पिंपांचा हा खेळ संपेल. पण नळीतून तेल येतं, तांबं जात नाही.

पुढचा थांबा ९ जानेवारी १९७३, व्हिक्टोरिया धबधब्याचा पूल. आज स्मिथने सरहद्द बंद केली आहे, झांबिया आपल्याविरुद्धच्या गनिमांना आसरा देतो म्हणून. हुकूम नीट वाचा, त्यात एक अपवाद आहे. तांबं जाऊ शकतं. साहजिक आहे, तांब्याच्या भाड्यावर त्याची रेल्वे जगते. शिक्षा तर द्यायची, पण गिऱ्हाईक तोडायचं नाही. यावर झांबियाचे राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडांनी जे केलं ते व्यापाऱ्याला वेडेपणाचं वाटेल: ते म्हणाले, तांबंही जाणार नाही. महिन्याभरात स्मिथने सरहद्द उघडली. कौंडांनी उघडली नाही. मला हा माणूस या एका निर्णयापुरता फार आवडतो, आणि त्याची किंमत कुणी मोजली तेही विसरता येत नाही. पश्चिमेकडची बेंगेला रेल्वे, अँगोलातून लोबितो बंदराला जाणारी, हा तेव्हा मोठा आधार होता. ऑगस्ट १९७५मध्ये अँगोलाच्या यादवीत तीही बंद पडली.

मध्येच लुसाकातल्या एका दुकानात डोकवा, १९७४च्या सुमाराला. फळ्यांवर चिनी कापड, चिनी भांडी, चिनी डबाबंद खाणं. हे सगळं इथे कसं आलं, त्यात या व्यापाराची मोठी खुबी आहे. दार ते कपिरी म्पोशी अशी १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे चीन बांधतोय. पाश्चात्त्य देश आणि जागतिक बँक यांनी हा प्रकल्प परवडणारा नाही म्हणून नाकारला होता. चीनने बिनव्याजी कर्ज दिलं. पण मजुरांचे पगार, स्थानिक खर्च स्थानिक चलनात लागणार, तो कुठून आणायचा? तोड अशी निघाली की झांबिया आणि टांझानियाने चिनी माल उधारीवर आयात करायचा, दुकानांत विकायचा आणि आलेल्या पैशांतून मजुरी भागवायची. म्हणजे एखाद्या बाईने आज चिनी पातेलं घेतलं की कुठेतरी डोंगरात रुळाखाली खडी पडते. माल लोकांना नेहमी आवडतो असं नाही. पण दुसरा माल यायला परकीय चलन लागतं.

१९७६ साली रेल्वे हाती आली. गाडीत बसाच, शेकडो पूल, वीसहून जास्त बोगदे, म्लिंबा ते माकाम्बाको हा चढ बघण्यासारखा. त्याच चढावर चिनी इंजिनं धापा टाकतात. रूळ झाले तरी दारचा धक्का तेवढाच, त्यामुळे तुंबलेला माल आता रुळांवर तुंबू लागला. ऑक्टोबर १९७८. पेरणी तोंडावर आलीय, खत बंदरांत अडकलंय, आणि कौंडा दक्षिणेची वाट पुन्हा उघडतात. तत्त्व खताच्या पोत्यांपाशी थांबलं. पाऊस थांबणार नव्हता.

तोवर खरा घाव दुसरीकडूनच पडून गेला होता. एप्रिल १९७४मध्ये लंडनला तांब्याचा भाव विक्रमी चढला आणि वर्ष संपायच्या आत निम्म्याहून खाली आला. देशाच्या निर्यातीच्या कमाईत नव्वद टक्क्यांहून जास्त वाटा तांब्याचा. खाणींतला ५१ टक्के हिस्सा सरकारने १९६९च्या घोषणेनंतर स्वतःकडे घेतला होता, त्यामुळे तोटाही आता आपलाच. ऐंशीच्या दशकात कॉपरबेल्टच्या कुठल्याही गावात उतरलात तर रांग दिसली की आधी उभे राहा, मग विचारा कशाची आहे. साबण असेल, तेल असेल. १९८६च्या डिसेंबरात मक्याच्या पिठाचा भाव वाढला आणि इथे दंगली उसळल्या. माणसं मेली.

नव्वदचं दशक भराभर ओलांडू. आयात मोकळी झाली, बाजारात युरोप-अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांचे ढीग आले, ज्यांना इथे ‘सलाउला’ म्हणतात, आणि देशी कापड गिरण्या एकेक करून मिटल्या. खाणीही तुकडे करून विकल्या गेल्या. २००४ साली कोंकोला कॉपर माइन्सचा ५१ टक्के हिस्सा अडीच कोटी डॉलरला वेदांता समूहाकडे गेला. रत्नागिरीकरांना हा समूह ठाऊक आहे. त्याच्याच स्टरलाइट कंपनीचा तांबं वितळवण्याचा कारखाना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरीत यायचा होता; आंबा बागायतदार आणि गावकरी उठले, आणि तो तुतिकोरिनला गेला. मुफुलिरातल्या कांकोयो वस्तीत कधी गेलात तर रत्नागिरीकर कशाला घाबरले ते नाकाला कळेल. वितळभट्टीच्या गंधकी धुराला तिथे ‘सेंटा’ म्हणतात. पिढ्या त्यात खोकत वाढल्या. आता तो वायू पकडून त्याचं गंधकाम्ल करतात, आणि ते आम्ल शेजारच्या काँगोतल्या खाणींना विकलं जातं. धूरही निर्यातीच्या यादीत गेला.

आणि हे आजचं कासुम्बालेसा, काँगोची सरहद्द. ट्रकांची रांग कुठे संपते ते दिसत नाही. काँगोचं तांबं आणि कोबाल्ट आता झांबियातून जातं. जो देश शेजाऱ्यांच्या रस्त्यासाठी जन्मभर झुरला, तो स्वतः कुणाचा तरी रस्ता झालाय, आणि टोल घेतो. झांबियाची स्वतःची निर्यात अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास तांब्यावरच उभी आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये देश परकीय कर्जाचा हप्ता चुकवून बसला. २०२४च्या दुष्काळात करिबा आटलं, तेव्हा वीजही बाहेरून विकत आणावी लागली. लोबितोच्या जुन्या वाटेवर अमेरिकेचा आणि युरोपचा पैसा येतोय, ताझारा दुरुस्त करायला चीन पुन्हा आलाय. दोघांनाही तांबं आपल्या बाजूच्या समुद्रात उतरायला हवंय.

टपरीवजा कचेरीत एका क्लिअरिंग एजंटच्या खांद्यावरून कागद बघून घ्या. झांबियाच्या निर्यातीच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं सगळ्यात वरच्या ओळींत स्वित्झर्लंड असतं. आल्प्समध्ये कुणी ट्रक नेत नाही. माल बंदरातून बहुधा आशियाकडे जातो. विकत घेणाऱ्या दलाल कंपन्या तेवढ्या स्विस. कागद त्यांचा, म्हणून देश त्यांचा. भाव कोणत्या कागदावर किती लावला आणि नफा कोणत्या देशात उतरवला, हे भांडण झांबियाचं करखातं बरीच वर्षं लढतंय.

बाहेर एक ड्रायव्हर मोबाइलवर जोरजोरात बोलतोय. खाली तांब्याच्या पत्र्यांचे गठ्ठे लादलेत, पण तो त्याविषयी बोलत नाहीये. ती खेप ठरलेली आहे. तो परतीच्या मालासाठी भांडतोय. दारहून गंधक मिळतंय, पण ट्रकचा हौदा धुवावा लागेल, त्याचे पैसे कोण देणार? खत मिळालं तर बरं, पण खताचं भाडं कमी. पलीकडचा माणूस आकडा सांगतो, हा मान हलवतो, जणू त्याला दिसतंय. मग म्हणतो, रिकामा आलो तर डिझेलही सुटणार नाही, अजून थोडं वाढवा. आणि रांग चार फूट पुढे सरकते म्हणून फोन खांद्यात दाबून गिअर टाकतो.